तिसरं घंघाळ

रविवार, १ नोव्हेंबर

आले एकदाची बनी वहबानला. कैरोहून गाडीनं साडेचार तास. त्यातले तीन तास शेजारच्या बाईनं माझी उलटतपासणी घेतली. नाव इन्साफ, वय छत्तीस, मुलगी एक, नवरा आहे पण आता माझा नाही. एवढं कळल्यावर तिनं मोठा सुस्कारा सोडला आणि मला एक उकडलेलं अंडं सोलून दिलं. दुःखावर अंडं, हा उपाय मला आवडला.

इस्पितळानं दिलेलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, गॅलरी, आणि न्हाणीघरात चक्क टब. गॅलरीतून उसाची शेतं दिसतात. दारवान अवाद माझी पेटी वर चढवताना विचारत होता, बाई, माहेरचे दगडधोंडेसुद्धा बांधून आणलेत का. पेटीत माझ्या जुमानाची खेळणी आहेत. आतली खोली तिची. भिंतीला पिवळा रंग द्यायचा असं आमचं फोनवर ठरलंय.

वाईल, म्हणजे तिचा बाप, म्हणतो, घर आणि नोकरी नीट दिसली की गुरुवारी २६ तारखेला पोरीला आणून सोडतो. त्याच्या आईची अट निराळी. ही बाई दिवसभर किरणांत हात घालणार आणि संध्याकाळी त्याच हातांनी माझ्या नातीला घास भरवणार, हे चालायचं नाही, असं त्या सासूचं, हाज्जाचं म्हणणं. तेव्हा महिनाभराच्या माझ्या हातांच्या मोजणीचा कागद दाखवायचा, डॉक्टरच्या सहीचा. तो स्वच्छ असला तर पोर माझी, नसला तर तंत्याला त्यांच्याकडेच राहणार. दाखवीन की. बारा वर्षं हे काम करतेय, माझे हात कधी दोषी निघाले नाहीत. जुमाना सात वर्षांची आहे. तिला कुशीत घेऊन आठ महिने झाले.

बुधवार, ४ नोव्हेंबर

कामाची घडी बसली. सकाळी साडेसहाला तळघरात उतरायचं आणि आधी गाईची धार काढायची. गाय म्हणजे शिशाचं जड डबडं, दर शनिवारी कैरोहून येतं. त्यातून रोज ताजं औषध निघतं. ते रुग्णाच्या शिरेत टोचायचं, त्याला कॅमेऱ्याखाली निजवायचं, आणि औषध हाडांत, हृदयात कुठे जाऊन बसतं ते पडद्यावर बघायचं. जुमानाला मी सांगते, आई माणसांना आतून चमकवते.

धार झाली की हातातलं यंत्र घेऊन सगळ्या खोल्या रिकाम्या असताना मोजायच्या. किरण असले की ते टिकटिकतं. शेवटी टाकीची पातळी लिहायची. आयोडीनच्या दोन खोल्या आहेत इथे. गळ्याच्या कॅन्सरच्या रुग्णाला आयोडीनचा मोठा डोस पाजून तीन-चार दिवस तिथे एकट्याला कोंडतात. त्याचं सांडपाणी गटारात सोडत नाहीत, जमिनीखालच्या टाकीत साठवतात. आठ दिवसांनी त्यातले किरण निम्मे होतात, आणखी आठ दिवसांनी त्याच्या निम्मे, आणि असं करत संपतात. खोल्या जानेवारीपासून बंद आहेत. का, ते विचारलं तर डॉ. रऊफ चष्मा पुसत बसले. हे इथले किरणसुरक्षेचे प्रमुख. चांगला माणूस आहे, पण चष्मा फार पुसतो.

कॅन्टीनमध्ये मी बसले की बाक रिकामं होतं. पोटुशी परिचारिका तर ताट घेऊन उठलीच. मला राग येत नाही. राग येत नाही असं लिहितेय म्हणजे येतो. एकटी उम्म शौकी, आमची झाडूवाली, माझ्या हातचा चहा घेते. मला पोरीच्या नावानं हाक मारून म्हणते, उम्म जुमाना, तुझ्या चहानं मी दिव्यासारखी पेटले तर बरंच की, निदान म्हाताऱ्याला मी दिसेन तरी.

माझी आजी बायकांच्या मय्यती धुवायची. गल्लीतलं कुणी तिच्या हातची भाकरी घेत नसे. मी सात वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर जायची, पाणी ओतायला. उजव्या अंगानं सुरुवात. तीन घंघाळं, शेवटच्यात कापूर. कधी पाच, कधी सात, पण दोनावर सोडायचं नाही. आजी म्हणायची, दोनावर सोडलेली बाई तिसऱ्यासाठी हात शोधत येते. हे ती कणीक मळता मळता सांगायची, त्यामुळे भीती कधी वाटली नाही.

रविवार, ८ नोव्हेंबर

पिवळा रंग दिला. अवादनं अर्धी भिंत रंगवली आणि अर्धी स्वतःची दाढी.

टाकीची पातळी वाढतेय. बुधवारी लिहिलेल्या आकड्यापेक्षा आज ऐंशी लिटर जास्त. दिवसाला वीस, न चुकता. खोल्यांना कुलूप आहे, किल्ली डॉ. रऊफांच्या कपाटात. नळवाल्याला बोलावलं. त्यानं सगळे नळ पाहिले आणि ठणठणीत कोरडे आहेत म्हणाला. मग टाकीत पाणी कुठून येतं विचारलं, तर म्हणाला, तुम्ही शिकलेल्या बायका आकडे फार लिहिता.

आजीचं तांब्याचं घंघाळ वीस लिटरचं होतं. उगीच आठवलं.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज घरी जाताना हात मोजले आणि यंत्र टिकटिकलं.

असं होतं कधीकधी, थेंब उडतो. साबणानं धुतले, पुन्हा मोजले. तेवढंच. लिंबू लावलं, ब्रशनं घासले. तेवढंच. आमचं औषध सहा तासांत निम्मं होतं, उद्यापर्यंत काही उरणार नाही. वहीत शून्य लिहिलं. पहिल्यांदाच खोटं लिहिलं. पण एका थेंबापायी माझी पोर जायला नको.

फोनवर जुमाना विचारत होती, आजी म्हणते तुझे हात रात्री चमकतात, खरं का. मी म्हटलं, चमकले असते तर मला दिवा कशाला लागला असता. ती खूप हसली. फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

सकाळी आकडा कालच्यापेक्षा जास्त. कमी नाही, जास्त. असं होत नसतं.

शनिवार, १४ नोव्हेंबर

उम्म शौकीला आडून आडून विचारलं, दोन नंबरची खोली का बंद. आधी म्हणाली, मला कशाला विचारतेस, मी फरशी पुसते, फायली नाही. मग चहाचे दोन पेले झाल्यावर बोलली.

जानेवारीत तिथे नबविया नावाची बाई होती. खेड्यातली, पन्नाशीची, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. डोस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी तिचं हृदय बंद पडलं. आदल्या दिवशी ती जाडजूड दारामागून हाका मारत होती, कुणीतरी येऊन पाच मिनिटं बसा गं, मी काय वाघीण आहे का. कुणी गेलं नाही. जायची परवानगीच नव्हती. ताट खिडकीतून आत सरकवायचे.

ती गेल्यावर मुलगे कापराची पुडी, साबण आणि अंग घासायचा लुफा घेऊन जिन्यात उभे राहिले. डॉ. रऊफ म्हणाले होते, आकडा अमक्याच्या आत असला तर हातमोजे घालून पाव तासात धुवायला हरकत नाही. तेव्हा माझ्या जागेवर सुहैर होती. तिनं मोजलं आणि नाही म्हणाली, फार आहे. मग नबवियाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, पाण्याऐवजी मातीवर हात टेकवून वरून फिरवले आणि तशीच पुरली. पाण्याचा थेंब लागला नाही. धाकटा मुलगा भिंतीवर डोकं आपटत होता म्हणे.

उम्म शौकीनं पदरानं डोळे पुसले आणि मलाच ओरडली, की सकाळी सकाळी माझ्याकडून हे वदवून घेतलंस.

सोमवार, १६ नोव्हेंबर

जुनी वही काढली. त्या दिवसाच्या पानावर सुहैरचा आकडा आहे, आणि त्याखाली तीन दिवसांनंतरच्या तारखेनं, लाल शाईत: यंत्राचं बटण दहापटीवर होतं. मी ते पाहिलं नाही. खरा आकडा याचा दहावा हिस्सा. धुता आलं असतं.

खाली सही. त्यानंतर सुहैरचं अक्षर वहीत कुठेच नाही.

किती साधी चूक. ते बटण मी रोज फिरवते. माझ्याही हातून घडली असती. वही मिटली. मग हात मोजले. आकडा वाढलाय. वहीत शून्य लिहिलं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

डॉ. रऊफ जेवायला गेले तेव्हा किल्ली घेतली. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. मुद्दाम तीच वेळ निवडली.

दोन नंबरची खोली. पलंग, त्यावर प्लास्टिकची गादी, चादर नाही. कपाटात ती पुडी अजून आहे. कापूर, साबण, लुफा. कुणाला टाकवलं नसेल. नळ सोडला, कोरडा. दाराशी यंत्र गप्प, भिंतींशी गप्प. दहा महिने झालेत, आयोडीनचा कण उरणं शक्य नाही.

पलंगावर धरलं. उशीच्या जागी बारीक टिकटिक. जरा खाली आणलं तर एकदम जोरात. मग छातीवर कमी. पोटावर पुन्हा वाढ. ओटीपोटावर आणखी. पायांकडे काही नाही. बटण दोनदा तपासलं, एकावरच होतं.

गळा, पोट, ओटीपोट. आयोडीन प्यायलेल्या माणसात ते इथेच बसतं. हा नकाशा मी बारा वर्षं पडद्यावर बघतेय. गादी रिकामी होती. मी तिच्या कडेला उभी होते आणि गादीवर कुणीतरी निजलेलं होतं.

रविवार, २२ नोव्हेंबर

हात गरम लागत नाहीत, दुखत नाहीत, काही नाही. फक्त यंत्र जवळ नेलं की ओरडतं. भाकरी हातात घेतली तर भाकरी टिकटिकते. भांडं टिकटिकतं. जुमानाच्या बाहुलीला हात लावला नाही.

डॉ. रऊफांनी महिन्याच्या कागदावर सही केली. सगळी शून्यं. म्हणाले, तुमच्यासारखी काटेकोर बाई आम्हाला मिळाली. मी आभार मानले.

त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं तर कागद गेला. कागद गेला तर पोर गेली.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

टाकी — आज पुन्हा वीस.

वाईलचा फोन आला. गुरुवारी दुपारी एकला येतो, त्याला लगेच परत फिरायचंय, दाराशी हजर राहा, नाहीतर पोरीला परत घेऊन जाईन. आठ महिन्यांत याचा आवाज कधी खाली आला नाही. मागून जुमाना ओरडली, आई, मी तुला इतकी मिठी मारणार की तू मोडशील.

मी तिला कशी मिठी मारू. या हातांनी —

बुधवार, २५ नोव्हेंबर

नबवियाला माझे हात हवेत. दुसरं काही नाही. मी पाणी ओतणाऱ्या बाईची नात, आणि मी त्याच कामावर आले जिथे तिला पाणी नाकारलं. आजी असती तर पहिल्याच दिवशी घंघाळ उचलून गेली असती, आणि मी महिनाभर शून्यं लिहीत बसले.

उद्या सकाळी धुते. आजीची दुवा येत होती, ती पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. येतेय अजून.

भीती वाटते. ते लिहायला लाज नाही.

गुरुवार, २६ नोव्हेंबर. सकाळ

डॉ. रऊफ यायच्या आधी किल्ली घेतली, स्वैपाकघरातून पातेलं नेलं, वीस लिटरचं. पाणी बाहेरून भरून आणलं. उम्म शौकीनं पाहिलं. दाराबाहेर पाठ करून उभी राहिली, कुणी येऊ नये म्हणून.

यंत्र डाव्या हातात, लुफा उजव्या. जिथे टिकटिकतं तिथे धुवायचं. उजवा खांदा, उजवा हात. हवेतच. पण पाणी गादीवर सरळ पडत नव्हतं, मध्ये अडून दोन्ही बाजूंनी ओघळत होतं. आजीसारखी बोलत राहिले, बाई, आता वळवते हं, बाई, डोळे मीट, साबण जाईल.

पहिलं घंघाळ झालं. हात मोजले, आकडा निम्मा.

दुसरं. हात मोजले. शून्य. खरंखुरं शून्य. गादीवरही शून्य. मी रडले.

तिसऱ्यात कापूर टाकायला पुडी सोडली आणि फोन. वाईल. दोन तास आधी आलाय, फाटकाशी उभा आहे, दहा मिनिटांत कागद घेऊन ये, नाहीतर निघालो. मागे जुमाना रडत होती.

शून्य तर आलं होतं. मग तिसरं कशाला.

मी पळाले.

त्याच दिवशी, दुपार

आली. माझी पोर माझ्या घरात आहे. फाटकाशीच मिठी मारली, दोन्ही हातांनी, पोटभर. वाईलनं कागद पाहिला, खिशात घातला आणि गेला. पिवळी भिंत पाहून जुमाना नाचली. आम्ही मलुखियाची पालेभाजी केली, तिनं तीन ताटं मांडली. तिसरं कुणाचं विचारलं. म्हणाली, आपल्याबरोबर जिना चढून आली ना, त्या खालाचं, मावशीचं.

यंत्र माझ्या ॲप्रनच्या खिशातच राहिलं होतं. काढलं नाही. काढवलं नाही.

मग विचारलं, खाला काय म्हणाली. म्हणाली, काही नाही, तिला एकटं राहून कंटाळा आलाय. आणि विचारत होती, तुझी आई लहानपणी पाणी ओतायची, तुला येतं का ओतायला. मी खालाला म्हटलं, येतं.

संध्याकाळ, पाच वाजून वीस

ताटं उचलून ठेवत होते, एवढ्यात जुमाना न्हाणीघरात गेली. आतून कडी. तिला कडीपर्यंत हात पुरत नाही.

हाका मारल्या. उत्तर देते. हसते. म्हणते, थांब आई, खालाला एकच हवंय. दाराला धडका दिल्या. अवादला ओरडून सांगितलं, तो पहार आणायला धावलाय. तोवर मी दाराशी बसून आकडे लिहितेय. दुसरं मला काय येतं.

दाराला यंत्र लावलं. माझ्या गळ्याच्या उंचीला टिकटिक. त्याखाली शांत.

पाणी ओतल्याचा आवाज. कापराचा वास. पुडी तर तिथेच —

गळ्याच्या उंचीला आता काही नाही. शून्य. झालं. तिसरं झालं. अल्ला, झालं. नबविया, बाई, पोरीनं ओतलं तुला, आता जा. जा.

कडी निघत नाही.

यंत्र खाली सरकवलं. माझ्या कमरेशी, जुमानाच्या गळ्याच्या उंचीला. टिक. टिकटिक —

जुमाना म्हणाली, आई, खाला मला म्हणते, तू फार शहाणी, आता तू आडवी हो, मी ओतते.

नको म्हण. जुमाना, नको म्हण तिला. नबविया, माझे हात घे, मी येते, मी बसते तुझ्यापाशी, हवी तितकी —

पाणी. एक.

अवाद जिन्यात आहे, पावलं ऐकू येतायत.

यंत्रावरचा आकडा निम्मा झाला. जुमाना, बोल ना. बोल.

दोन.

आकडा शून्य. ती हसत नाहीये. दोनावर थांब, बाई, दोनावर थांब, पोरीला शोधत येऊ दे माझा हात, जन्मभर येऊ दे, फक्त ति—